फोटो एकेक करून किती वेळ निवडायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंबा बागायतदाराचं नुकसान झालं की हल्ली पंचनाम्याच्या आधी मोबाइल बाहेर काढावा लागतो. मोहोरावर फुलकिडे आले, अवकाळी पावसात कैरी गळली, वाऱ्याने फांदी मोडली, तर सगळ्याचे फोटो अ‍ॅपवर चढवायचे. त्याबद्दल तक्रार नाही, पुरावा हवाच. तक्रार आहे ती फोटो निवडण्याच्या पडद्याची. आमच्या देवगड तालुक्यात लोक जे अ‍ॅप वापरतात, त्यात एका वेळी एकच फोटो घेता येतो. फोटोवर बोट ठेवा, 'जोडा' दाबा, थांबा, पुन्हा गॅलरी उघडा. ती उघडते ती सगळ्यात वरून, म्हणजे परत खाली सरकत जायचं.

मी घरी बसून मोबाइल अ‍ॅप लिहिण्याचं काम करते. त्यामुळे वाडीतली माणसं फोन घेऊन आमच्याच पडवीत येतात. लग्नाचे फोटो निवडणं सोपं असतं, प्रत्येकात चेहरा वेगळा. कलमांच्या फोटोंचं तसं नाही. पडद्यावर तीन-तीनच्या ओळीत नुसता हिरवा पाला आणि काळवंडलेला मोहोर. शेजारचे काका दर फोटोला मला विचारतात, "गो चेडवा, ह्यो मगाशी धाडलंय काय ऱ्हवलो?" याचं उत्तर अ‍ॅपने द्यायला हवं. निवडलेल्या फोटोवर ठळक खूण, वर 'इतके निवडले' असा आकडा, आणि सगळे एकदम पाठवायचं एक बटण, एवढं पुरतं.

हे करणं अवघड असतं तर मी गप्प बसले असते. अँड्रॉइडमध्ये गॅलरीतून एकदम अनेक फोटो घ्यायची सोय २०१३ च्या ४.३ आवृत्तीपासून आहे. २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ बरोबर फोनचा स्वतःचा फोटो पिकर, म्हणजे फोटो निवडायचा तयार पडदा, आला, तो पुढे जुन्या आवृत्त्यांनाही मिळाला. आयफोनला तशी सोय २०२० पासून, आयओएस १४ मध्ये. अ‍ॅप लिहिणाऱ्याने अँड्रॉइडमधलं 'पिकमल्टिपलव्हिज्युअलमीडिया' हे तयार साधन वापरलं की खुणा, सरकणं, मोजणं हे सगळं फोनच सांभाळतो. शिवाय अ‍ॅपला अख्ख्या गॅलरीची परवानगी मागावी लागत नाही, निवडलेले फोटो तेवढेच त्याच्या हाती जातात. कैरीच्या फोटोपायी घरातल्या बारशाचे फोटो कुणापुढे उघडे करायची गरज काय?

काही अ‍ॅप मात्र स्वतःच्याच कॅमेऱ्याने, ठिकाणाच्या नोंदीसह फोटो काढून घेतात. तिथे फोनचा पिकर चालत नाही, फोटोंची जाळी, म्हणजे चौकटींच्या ओळी, स्वतः बांधावी लागते. आणि इथे एक जुनं दुखणं हटकून दिसतं. तिसऱ्या फोटोवर खूण करावी, खाली सरकावं, तर आपण बोटही न लावलेल्या कुठल्या तरी फोटोवर तीच खूण हजर! लोकांना वाटतं, फोन बिघडला. बिघाड नसतो. दोनशे फोटो असले तरी फोन दोनशे चौकटी बनवत नाही. पडद्यावर मावतील त्याहून थोड्या जास्त बनवतो, आणि वरून बाहेर गेलेली चौकट नवा फोटो घालून खालून परत आणतो. एसटीत सीट तीच राहते, प्रवासी बदलतात, तसं. खूण सीटवर केली तर ती पुढच्या प्रवाशाच्या माथी बसणारच. म्हणून निवडलेल्या फोटोंच्या ओळख-क्रमांकांची यादी वेगळी ठेवायची, आणि चौकट भरताना दर वेळी त्या यादीत पाहून खूण लावायची किंवा पुसायची. पुसायचं हे बरेच जण विसरतात. अँड्रॉइडमध्ये चौकटी अशा फिरवून वापरणाऱ्या 'रीसायकलरव्ह्यू'साठी 'सिलेक्शनट्रॅकर' तयार मिळतो, तो ही यादी सांभाळतो. मध्येच फोन आला आणि अ‍ॅप मागे जाऊन बंद पडलं, तरी निवड जपून ठेवायची सोयही त्यात आहे, फक्त ती जोडून घ्यावी लागते.

जाळीत मूळ फोटो भरणं ही आणखी एक चूक. बारा मेगापिक्सेलचा एक फोटो पूर्ण उघडला की सुमारे ४८ एमबी स्मृती खातो. असे वीस उघडले की स्वस्तातला फोन बसलाच. चौकटीला छोटी प्रतिमा पुरते.

'दाबून धरा म्हणजे निवड सुरू होते' ही रीत शहरातल्या पोरांना ठाऊक असते. साठीच्या बागायतदाराने ती ओळखायची कशी? वर 'निवडा' असं सरळ मराठीत लिहिलेलं बटण ठेवा, दाबून धरणं ज्याला येतं तो धरेल. पाचच फोटो चालत असतील तर तेही आधीच सांगा. सगळे निवडून झाल्यावर 'मर्यादा ओलांडली' म्हणून निवड कोरी करणारं अ‍ॅप मी पाहिलं आहे, तेव्हा काकांच्या तोंडून जे निघालं ते आपल्या पेपरात छापता येणार नाही.

शेवटचा मुद्दा रेंजचा. आमची घरं खाली खळग्यात, रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर. फोटो निवडायचे घरी निवांत बसून आणि ते जायचे सड्यावर चढल्यावर, असंच इथे घडतं. तेव्हा निवडलेले फोटो फोनमध्ये रांगेत ठेवावेत, नेटवर्क मिळताच एकेक पाठवावा, आणि एखादा अडकला तर तेवढाच पुन्हा पाठवावा. अँड्रॉइडमध्ये 'वर्कमॅनेजर' याच कामासाठी आहे. आज एक फोटो अडकला की सगळा अर्ज पहिल्यापासून भरावा लागतो.

अशी अ‍ॅप करून घेणाऱ्या खात्यांना आणि कंपन्यांना विनंती आहे की, एकदम अनेक फोटो निवडण्याची अट निविदेतच घाला. आणि काम ताब्यात घेताना ऑफिसातल्या महागड्या फोनवर चार फोटो निवडून सही करू नका. एखाद्या बागायतदाराचा जुना फोन मागून घ्या, त्यातले पाल्याचे दीडदोनशे फोटो वर-खाली सरकवत निवडून पाहा, मध्ये एकदा फोन आडवा करा, एकदा नेट बंद करा. मोहोर यायच्या आत एवढं झालं तर येत्या हंगामात आमच्या पडवीतली गर्दी कमी होईल.

आपली,
एक वाचक, जामसंडे (ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग)