वेबिल, वही आणि उपवासकाळ

संपादक महोदय,

राखेचा बुधवार, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की आमच्या मंडळीत संकल्पांना ऊत येतो. कुणी चाळीस दिवस मटण सोडतं, कुणी पहाटे चारला उठून तासभर गुडघे टेकायचं ठरवतं. हे सगळं मीही करून बसलोय. एका जानेवारीत अख्खं पवित्र शास्त्र वर्षात संपवायचं म्हणून उत्पत्तीपासून निघालो. लेवीय या तिसऱ्याच पुस्तकाच्या घाटात गाडी ब्रेकडाऊन! पुढे दोन वर्षं पुस्तक उघडलंच नाही.

मी एसटीत वाहक होतो. पहाटेची ड्यूटी असली की तासभर प्रार्थना कुठली, धड चहा मिळायची मारामार. पवित्र शास्त्रातला दानिएल बाबेलात राहून दिवसातून तीनदा प्रार्थना करायचा, यरुशलेमेकडे उघडणाऱ्या खिडकीशी. माझी खिडकी एकच, डेपोतली कॅश भरायची. तिथल्या रांगेत उभ्या उभ्या 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायला लागलो. मिनिटभराचं काम. पण 'आमची ऋणे आम्हांस सोड' इथे आलो की जीभ अडखळायची.

त्याचं कारण सुट्टे पैसे. सुट्टे नसले की आम्ही तिकिटामागे 'येणे दोन रुपये' लिहून द्यायचो. उतरताना माणूस विसरायचा. विसरला तर विसरला, माझा चहा सुटायचा. रांगेतल्या त्या प्रार्थनेपायी एक छोटी वही केली. खेड्यावरची गाडी, प्रवासी नेहमीचे. पण नावं कुठे माहीत? म्हणून 'जांभळा फेटा, 3 रु.', 'शेळीवाली आजी, 2 रु.' अशा नोंदी. वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, लिहून झालं की वही काढायची, दुसऱ्या दिवशी ज्याचे त्याला द्यायचे. शेळीवाली आजी पहिल्यांदा संशयानेच बघत राहिली, मग पैसे पदराच्या गाठीत बांधले.

माझी आई तर निरक्षर होती. ती रोज दळणातलं मूठभर धान्य डब्यात बाजूला टाकायची आणि महिनाअखेर डबा देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, न्यायची. दुष्काळातही मूठ चुकली नाही. लहान झाली एवढंच. याला आध्यात्मिक शिस्त म्हणतात, हे तिच्या गावीही नव्हतं.

उपवास करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, पण आमचे तरुण आठवड्यात दमतात आणि मग शरमेने उपासनेलाही येत नाहीत. त्यांना मी पवित्र शास्त्रातलं नीतिसूत्रे हे पुस्तक सुचवतो. त्याचे अध्याय एकूण 31, म्हणजे आज जी तारीख तो अध्याय. मधे चार दिवस खाडा पडला तरी बाकी साचत नाही. कॅलेंडर बघायचं आणि वाचायचं.

यावर आमच्या सौभाग्यवतींची तक्रार एकच : सद्गुणी स्त्रीचा 31वा अध्याय वर्षातून जेमतेम सातदा येतो. म्हणून 28 फेब्रुवारीला मी उरलेले तिन्ही वाचतो, तेही मोठ्याने, स्वयंपाकघराच्या दारात बसून.

– एक निवृत्त एसटी वाहक, अहिल्यानगर