फावड्यासारख्या दाताचा देवमासा

ड्युनेडिन, न्यूझीलंड

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही विचारलंत, "तो तुमच्याकडचा दुर्मीळ देवमासा केवढा होता रे?" तेव्हा आईला भाजी चिरायची घाई होती, म्हणून आता सविस्तर लिहितो.

केवढा म्हणाल, तर पाच मीटर. म्हणजे साडेसोळा फूट. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला अडकलेलं ते पिल्लू पस्तीसेक फुटांचं होतं ना? हा पूर्ण वाढलेला नर त्याच्या निम्म्याने! आमच्या इथून जवळच टायरी नदीच्या मुखाशी, जुलै २०२४ मध्ये तो मेलेला वाहून आला. चोचीसारखं लांब तोंड असलेल्या देवमाशांपैकी ही फावड्यासारख्या दातांची जात सगळ्यांत दुर्मीळ. आजवर जेमतेम सात नमुने हाती लागलेत, आणि खोल समुद्रात जिवंत पोहताना ती कुणी पाहिल्याची नोंद नाही.

तिची ओळख १८७० च्या दशकात न्यूझीलंडच्याच चॅटम बेटांवर सापडलेल्या जबड्याच्या एका तुकड्यावरून आणि दातांवरून झाली. नराच्या खालच्या जबड्यात दोन रुंद, चपटे दात असतात, फावड्याच्या पात्यासारखे. गंमत पुढे आहे. २०१० साली इथल्या उत्तर बेटावर, बे ऑफ प्लेंटी या उपसागराच्या ओपापे किनाऱ्यावर एक मादी (५.३ मीटर) आणि तिचं पिल्लू (३.५ मीटर) लागले. मादीचे दात हिरडीबाहेर येतच नाहीत. मग ओळखणार कशावरून? 'ग्रेचा चोचीचा देवमासा' या दुसऱ्याच जातीचे समजून पुरूनही टाकले! ग्रेच्या देवमाशाची चोच पांढरी असते, हिची काळसर. पण ते लक्षात आलं डीएनए तपासल्यावर.

या नराचं शवविच्छेदन डिसेंबर २०२४ मध्ये ड्युनेडिनजवळच्या मोसगीलला झालं. त्याच्या पोटाचे नऊ कप्पे निघाले, आणि आत माकुलांच्या चोची व डोळ्यांची भिंगं. वरच्या जबड्यात हिरडीत रुतलेले बारीक दात सापडले, पूर्वजांची खूण. म्हणजे याच्या वाडवडिलांना वरही दात होते. जबडा मोडला होता, डोक्याला मार बसला होता. त्यानेच गेला असावा असा शास्त्रज्ञांचा अंदाज.

मला सगळ्यांत आवडलं ते ओटाकूच्या माओरी लोकांचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं. शास्त्रज्ञांच्या जोडीने तेही विच्छेदनाला होते. त्यांनी त्याला ओनुमिया असं नाव दिलं. सांगाडा संग्रहालयाला, पण जबडा आणि दात त्यांच्याकडेच राहणार. संग्रहालयात त्यांची थ्रीडी छापलेली प्रतिकृती. मला हे योग्यच वाटतं. ज्यांच्या किनाऱ्यावर आला, त्यांचा पहिला हक्क.

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आई करवून घेते की तुम्ही टाळताय? कुरडया मिळाल्या, अर्ध्या पार्सलात चुरल्या होत्या, पण आमटीत चालल्या. आईला नमस्कार, सोनूला आशीर्वाद.

तुमचा,
विनू