बार्शीचं घर आणि माझी सही

प्रिय सोन्या,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, बार्शीच्या घराची सही मामांना देऊन टाकायची होतीस. तेवढ्या पैशासाठी माहेराशी वाकडं कशाला घेतलंस?" मी विषय बदलला. बाबा शेजारी बसले होते आणि माझा गळा दाटून आला होता. त्यानंतर दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. बोलताना माझं सगळं विस्कटतं, म्हणून लिहितेय. सावकाश वाच.

बार्शीचं घर तू पाहिलंस ते मे महिन्याच्या सुट्टीतलं. भगवंताच्या देवळापासून चालत पाच मिनिटं. ढेलज म्हणजे दारालगतची ओसरी, मधला चौक, चौकाभोवती नऊ खणांचं माळवद, म्हणजे मातीचं धाबं, आणि रस्त्याकडेची स्लॅबची खोली, जिच्यात तुम्ही पोरं पत्ते कुटायचा. ती खोली आबांनी, माझ्या वडिलांनी, 1995 साली का बांधली, ते तुला ठाऊक नसेल. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून लोक नुकतेच निजले होते, तेव्हा किल्लारीचा भूकंप झाला. तू सव्वा वर्षाचा, माझ्या कुशीत होतास; सोलापुरात आपला पलंग हलला. तिकडं माणसं मेली ती आपल्यासारख्याच घरांत. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाच्या मातीचं ओझं. आबांनी त्यानंतर महिनाभर सगळ्यांना चौकात झोपवलं, माळवदावरची माती हातभर उतरवली आणि पैसे जमल्यावर ती एक खोली सिमेंटची केली. "एक तरी जागा निर्धास्त झोपायची असावी," असं ते म्हणायचे.

माळवदावर दरवर्षी मृगाच्या आधी पांढरी माती टाकावी लागते. टोपलीनं वर न्यायची, पसरायची, पाणी शिंपडून तुडवायची. नाहीतर पहिल्याच पावसात घर गळतं. लग्न होईपर्यंत हे काम मी आणि मावशीनं केलं. थोरले मामा दुकानी जायचे, धाकटा लहान होता. माझ्या पायांच्या भेगांत ती माती किती उन्हाळे बसलीये, हे मला आठवतं. ते घर माझंही होतं, हे मला कुठल्या कागदावरून कळलेलं नाही.

आबा 2022 च्या ऑगस्टमध्ये गेले. आई त्यांच्या आधीच गेलेली. मृत्युपत्र नव्हतं. आम्ही चौघं वारस, दोन भाऊ, दोन बहिणी.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं उरकल्यावर थोरले मामा ढेलजेत बसले आणि त्यांनी कागद काढला. हक्कसोडपत्र. टाइप करून आणलेलं. बहिणींनी आपला हक्क राजीखुशीनं, कोणताही मोबदला न घेता सोडला, असा मजकूर. शेजारी दोन साड्या ठेवलेल्या. मावशीनं पेन उचललं होतं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडं बहिणींनी हेच करायचं असतं. सही दिली की दिवाळीला भाऊ न्यायला येतो, बाळंतपणाला माहेरचं दार उघडं असतं, म्हातारपणी कुणी विचारतं. ती सही म्हणजे माहेर राखायची किंमत. बायका ती बिनबोभाट मोजतात.

मी पेन घेतलं नाही. म्हणाले, "दादा, वाचून सांगते." त्यांचा चेहरा उतरला. पुढं कित्येक महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. त्या भाऊबीजेला मी ओवाळणीचं ताट घेऊन बार्शीला गेले, तर ते बाहेरगावी गेलेले होते. ते दुःख अजून आहे माझ्या मनात. पैशानं ते भरलं नाही, भरणारही नाही.

मी तेव्हा का थांबले, ते आता सांगते. 1978 साली माझे आजोबा गेले. मी चौदा वर्षांची होते. बाराव्या-तेराव्याला आत्या करमाळ्याहून आली होती. तिला त्याच ढेलजेत पाटावर बसवलं, खणानारळानं ओटी भरली, हिरवं लुगडं दिलं आणि एका स्टॅम्पपेपरवर तिचा अंगठा घेतला. मीच शाईची डबी धरली होती. आत्यानं विचारलं, "कशाचा गं हा?" आजी म्हणाली, "घराच्या कामाचा." आत्यानं पदराला अंगठा पुसला. तो निळा डाग मला वर्षश्राद्धाच्या दिवशी दादांच्या हातातल्या कागदावर दिसला, आणि माझा हात पुढं गेला नाही.

नंतर वकिलीणबाईंकडं गेले, तेव्हा त्यांनी समजावलं ते तुलाही कळायला हवं. लोक म्हणतात, मुलींना हक्क 2005 च्या कायद्यानं मिळाला. ते वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीपुरतं. आपल्या महाराष्ट्रात तर तशी दुरुस्ती 1994 सालीच झाली होती. पण बापानं स्वतःच्या कमाईनं घेतलेलं घर असेल आणि तो मृत्युपत्र न करता गेला, तर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई असल्यास तीही, सगळ्यांचा सारखा हिस्सा हे 1956 पासून आहे. आजोबांनी बार्शीची जागा अडतीच्या कमाईतून घेतली होती. म्हणजे 1978 मध्ये आत्याचा हिस्सा होताच. फक्त एक मेख होती: राहत्या घरात भाऊ वाटणी करत नाहीत तोवर बहिणीला वाटणी मागता येत नसे. ते कलम 9 सप्टेंबर 2005 ला गेलं. आत्या 2003 साली वारली. बघ, हक्क होता, तो मागायची मुभा मिळाली तेव्हा ती नव्हती.

2024 च्या पावसात मागचे दोन खण बसले. धाकटा मामा त्याच घरात राहायचा, मामी आणि मुलं त्या रात्री पुढच्या स्लॅबच्या खोलीत होती म्हणून वाचली. दुरुस्तीला बँक कर्ज देईना, कारण घर अजून आबांच्याच नावावर. तेव्हा विकायचं ठरलं, आणि सगळ्यात आधी ते धाकट्यानंच म्हटलं. थोरले मामाही मग बोलू लागले. ठरलं तो आकडा 64 लाख. घेणारा पेठेतला बियाण्यांचा व्यापारी.

त्याच्या वकिलानं सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मालकीचा सरकारी उतारा, काढलं. त्यात 1979 च्या फेरफारात, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदीत, आत्याचं नाव लागलेलं आणि लगेच त्याला कंस केलेला, म्हणजे नाव कमी केलेलं. आधार काय, तर तो अंगठ्याचा कागद. तो नोंदवलेलाच नव्हता. अशा कागदानं घराचा हक्क सुटत नाही आणि सरकारी नोंदीत नावाला कंस केल्यानं मालकीही जात नाही, असं वकिलानं सरळ लिहून दिलं. हिशोब केला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आजोबांच्या मागे आजी, आबा आणि आत्या, तिघांचा एकेक तृतीयांश. आजी गेल्यावर तिचा हिस्सा या दोघांत. म्हणजे आत्याचा निम्मा, सोन्या. निम्मं घर त्या हिरव्या लुगड्यात गेलं होतं.

थोरले मामा म्हणाले, करमाळ्याला जाऊन आत्याच्या मुलांच्या सह्या आणतो, ती पोरं भली आहेत, देतील. देतीलही म्हणून तर मला भीती वाटली. मी त्यांच्याबरोबर गेले. आत्याची दोन मुलं आणि एक मुलगी, तिघांना समोर बसवून त्यांच्या आईचा हिस्सा किती होता ते मी सांगितलं. दादा माझ्याकडं बघतच राहिले. मुलीनं आतून ट्रंक आणली. तळाशी ते हिरवं लुगडं, घडी न मोडलेलं. "आई कधी नेसली नाही," म्हणाली, "का ते सांगितलं नाही."

त्यांनी निम्मा मागितला नाही. आजीचं आजारपण आबांनी काढलं, इतकी वर्षं घरपट्टी भरली, घर उभं ठेवलं, हे धरून तिघांनी चार-चार लाख घेतले. माझ्या मनानं ते कमीच होते आणि मी तसं तिथं बोललेही. पण देणाऱ्यानं माहीत असून सोडणं आणि कुणी न सांगता त्याच्याकडून काढून घेणं यात फार अंतर आहे. राहिलेले 52 लाख आम्हा चौघांत, तेरा-तेरा.

कागदांचं थोडक्यात सांगते. आबांचा मृत्यूदाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची नावं कार्डावर लावणं, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, मग खरेदीखत. मावशीला पॅन कार्ड काढावं लागलं, कारण किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असली की घेणारा 1 टक्का टीडीएस कापतो. 1 एप्रिल 2001 ला घराची किंमत काय होती, त्याचा दाखला मूल्यांकनकारांकडून घेतला. विक्रीच्या नफ्यावरचा कर भरताना महागाई निर्देशांक धरून 20 टक्के किंवा न धरता साडेबारा टक्के, यातला कमी तो भरायचा असतो. हे दाखले हिरव्या फायलीत आहेत, पुढं लागतील म्हणून टाकू देऊ नकोस.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आम्ही सातजण लिहून देणारे होतो. एकेकाला बोलावून फोटो काढला, यंत्रावर अंगठा घेतला. आत्याच्या मुलीची पाळी आली तेव्हा तिनं अंगठा ठेवण्याआधी तिथल्या बाईंना म्हटलं, "आधी एकदा वाचून दाखवता?" बाहेर रांग होती, तरी त्या बाईंनी वाचून दाखवलं. अख्खं. मी त्यांचे हात धरले नाहीत एवढंच.

आता मामीबद्दल. तू म्हणालास की धाकट्या मामानं आबांचं सगळं केलं, त्याला जास्त मिळायला हवं होतं. अगदी खरं. फक्त केलं ते मामीनं. आबांना अर्धांगवायू झाल्यापासून सात वर्षं त्यांना उठवणं, पुसणं, भरवणं तिच्या हातचं होतं. आपल्या वारसा कायद्यात सुनेला त्याबद्दल काही नाही. माझे पैसे खात्यात आले त्याच आठवड्यात मी त्यातले तीन लाख मामीच्या नावावर तिच्या खात्यात टाकले. मामाच्या नाही, तिच्या. ती रडली, नको म्हणाली. मी म्हटलं, माझ्या बापानं मला दिलेल्यातले आहेत, माझे आहेत, म्हणून देतेय. वर्षश्राद्धाला सही करून आले असते, तर हे वाक्य मला म्हणता आलं नसतं. मावशीनंही मग दोन लाख दिले.

उरलेल्यातून कर जाईल. बाकीची माझ्या एकटीच्या नावावर ठेव केली. एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा. बाबांनी फॉर्म भरायला मदत केली आणि "पहिलं नाव तुझंच, दुसरं घालू नकोस" असं तेच म्हणाले. तुझ्या बापाला मी या वयातही पुन्हा नव्यानं ओळखलं.

तुझा राग कुठून येतो ते मला समजतं. तुला मामा प्रिय आहेत, तुला वाटतं आईनं ते घर मोडलं. माळवद पावसानं मोडलं, बाळा. दादांशी माझं आता बरं आहे, पूर्वीसारखं नाही. गेल्या महिन्यात त्यांनी आपणहून फोन केला, गुडघ्याचं विचारलं. आत्याच्या मुलीच्या घरच्या लग्नाला आम्ही चौघंही गेलो. 1978 नंतर आमच्या घरचं कुणी त्या दारात आहेर घेऊन गेलं ते पहिल्यांदाच.

आता जे सांगायचं म्हणून हे एवढं लिहिलं. सोलापूरचा आपला फ्लॅट माझ्या आणि बाबांच्या नावावर आहे. एक दिवस तो तुझ्या आणि ताईच्या पुढ्यात येईल. त्या दिवशी कुणीतरी, कदाचित तुझ्या भल्यासाठीच, तुला सांगेल की ताईचं घर भरलेलं आहे, तिच्याकडून सही घे. तू ती मागू नकोस. ताई आपणहून द्यायला निघाली तरी आधी तिला हिस्सा किती ते सांग, कागद हातात दे, घरी नेऊ दे, नवऱ्याला नाही, आधी तिला स्वतःला वाचू दे. तुझी परिस्थिती ओढगस्तीची असेल तर तिला तसं मोकळेपणानं सांग. ती माझी लेक आहे, तुला कमी पडू देणार नाही. पण साडीच्या घडीखाली कागद ठेवून तिला पाटावर बसवू नकोस. हे एवढं माझ्यासाठी कर.

हा भार तुमच्यावर पडू नये म्हणून आम्ही दोघांनी मृत्युपत्र करायचं ठरवलं आहे. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नसली तरी आम्ही करणार आहोत. मसुदा तयार आहे. दिवाळीला ताई पाडव्यापासून इथं आहे. तू भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तरी पोच, म्हणजे दोघं एकत्र बसून वाचाल आणि जे पटत नाही ते मला तोंडावर सांगाल. आबांचं तांब्याचं घंगाळ मी तुझ्यासाठी ठेवलंय, ढेलजेच्या दाराची कडी ताईला हवी होती, ती तिला दिली. येताना एखादं मोठं पोतं घेऊन ये, घंगाळ जड आहे.

तुझी,
आई