दोरीचे टोक हातात धरणाऱ्या सरांस

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलीने यंदा अडथळ्यांची शर्यत पूर्ण केली. सरावात पडून तिचा गुडघा फुटला, तेव्हा आधीच्या प्रशिक्षकांनी "हिला हे जमणार नाही" एवढेच म्हणून तिला बाजूला बसवले होते. तिची साधी विचारपूसही त्यांनी केली नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र तिला ॲल्विन क्रेंझलाईन सांगितलात. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ६० मीटर धावणे, ११० व २०० मीटर अडथळे आणि लांब उडी अशी चार वैयक्तिक सुवर्णपदके मिळवणारा हा अमेरिकन खेळाडू आता तिला घरातलाच वाटतो. २०० मीटर अडथळ्यांत त्याच्यामागे दुसरा आलेला नॉर्मन प्रिचर्ड कोलकात्यात जन्मला होता, हे तर ती येईल त्याला सांगते. पुढचा पाय सरळ ताणून, धावण्याची लय न मोडता अडथळा ओलांडण्याची पद्धत क्रेंझलाईनने रुजवली, आणि नेमके तेच तुम्हाला तिच्याकडून हवे होते.

पण भीती गोष्टीने जात नाही. तुम्ही फळी काढून तिथे दोरी लावलीत, एक टोक स्वतःच्या हातात धरून मातीत बसलात आणि तिचा पाय लागताक्षणी दोरी सोडून देत राहिलात. वयाने, मानाने एवढा मोठा माणूस एका घाबरलेल्या मुलीसाठी तळपत्या उन्हात खाली बसतो, हे मी कुंपणापलीकडून पाहिले आणि मला रडू आवरले नाही.

त्या विजेत्याची पडती बाजूही तुम्ही झाकली नाहीत, याचे मला विशेष वाटते. लांब उडीतला त्याचा प्रतिस्पर्धी मेयर प्रिन्स्टीन याला त्याच्या विद्यापीठाने रविवारच्या अंतिम फेरीत उतरू दिले नाही आणि क्रेंझलाईनने त्याच दिवशी त्याच्या आधीच्या फेरीतल्या उडीला एका सेंटिमीटरने मागे टाकले, हे ऐकून मुलगी दोन दिवस अस्वस्थ होती. मुलांना खरे सांगणारी माणसे हल्ली कमी भेटतात. दंतवैद्यकाची पदवी असूनही क्रेंझलाईन पुढे प्रशिक्षक झाला, मिशिगन विद्यापीठात त्याने खेळाडू घडवले, १९१६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी जर्मन संघाची तयारी करायला गेला. महायुद्धामुळे ते ऑलिंपिक झालेच नाही आणि १९२८ मध्ये, अवघ्या ५१ व्या वर्षी, तो वारला. त्याच्या पदकांपेक्षा ही शिकवण्याची वर्षे तुम्ही अधिक आपुलकीने सांगता, असे मुलगी म्हणते.

जूनपासून तिची धाकटी बहीणही मैदानावर येणार आहे. तीही घाबरट आहे. तिलाही सांभाळून घ्यावे, ही विनंती.

आपली ऋणी,
एका धावपटूची आई