वीस गाईंच्या हिशेबावरून

वाळपई

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

कर्ज काढून गोठा वीस गाईंचा करायचा म्हणतोस, त्याचा हिशेब वाचला. कर्जाचा हप्ता, गाई घ्यायला मिळणारं सरकारी कामधेनू योजनेचं अनुदान, दुधाचे पैसे, सगळं नीट मांडलंयस. चाऱ्याला मात्र एकच ओळ! वीस दुभत्या गाईंना रोज चारेक क्विंटल हिरवं लागतं. ते कुठून आणणार?

गोव्यात दुधाला मागणी आहे, हे तुझं खरं. इथे निघतं त्याहून कितीतरी जास्त लागतं, म्हणून कोल्हापूर-बेळगावकडचं दूध येतं. पण म्हणून आपल्याला मागू तो भाव मिळेल असं नाही. घाटावरच्या शेतकऱ्याकडे उसाचं वाडं (शेंड्याचा हिरवा पाला), मका घरचा. आपल्याकडे कडबासुद्धा चोर्ला घाट उतरून येतो, भाड्यासकट. दुकानात मात्र दोन्हीकडच्या पिशव्या शेजारी-शेजारी. गिऱ्हाईक काही आपला कडबा बघून चार रुपये जास्त देत नाही.

दूध संस्थेत पैसे फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघून मिळतात. पावसात कोवळं गवत खाऊन दूध वाढतं, पण फॅट उतरतं. तू बारा महिने एकच दर धरलायस. सरकार दुधावर वरून जे अनुदान देतं, ते पैसे दुधाच्या बिलाबरोबर येत नाहीत, मागाहून जमा होतात. त्यांच्या भरवशावर हप्ता ठेवू नकोस. पेंडवाला थांबत नाही.

2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा आपल्याच भागात काहींनी ट्रक विकून गाई घेतल्या. ज्यांच्याकडे पाण्याची जमीन होती ते टिकले. बाकीच्यांचे गोठे गाई दोन-तीनदा व्याल्या तेवढ्यात रिकामे झाले. माणसं कष्टाळू होती रे, पण दुधाचे निम्म्याहून जास्त पैसे विकतच्या चाऱ्यात आणि पेंडीत गेले.

आणि वीसच्या वीस गाई कधीच दूध देत नसतात. व्यायच्या आधी दोन महिने गाय आटवावी लागते, म्हणजे दूध काढणं बंद. माज, म्हणजे गाय फळायला तयार झाल्याची खूण, ओळखायचा राहिला की पुढच्या माजापर्यंत 21 दिवस नुसतं खाऊ घालायचं. माज पुष्कळदा रात्री नाहीतर पहाटे दिसतो, तेव्हा गोठ्यात कोण असणार? पगारी माणूस? बाजारात बालदी भरून दाखवणारी संकरित गाय आपल्या मे महिन्याच्या घामट हवेत किती देते, तेही एकदा बघ.

आजीच्या पांढऱ्या गाई तुला आठवत असतील. 2020 साली त्यांची श्वेतकपिला म्हणून स्वतंत्र जात नोंदली गेली. खाणं थोडं, औषधपाणी थोडं; पण दूध दोन-तीन लिटर. त्यावर कर्ज फिटायचं नाही. घरच्या चहाला एक असू दे.

माझ्या मते आहेत त्या पाच गाई राहू देत. त्यांच्या कालवडी विकायच्या नाहीत, घरीच वाढवायच्या. कालवड दुधाला यायला अडीच-तीन वर्षं जातात, हे मला ठाऊक आहे. तेवढ्यात विहिरीखालच्या मळ्यात नेपियर (हत्ती गवत) उभा राहील आणि पावसाळ्यातला जादा चारा मुरघास करून, म्हणजे हवाबंद दाबून मुरवून, उन्हाळ्यासाठी ठेवता येईल. गोठा वाढवायचा तो चारा वाढेल तसा.

बाबा म्हणतात, पोराचा उत्साह मोडू नकोस. मोडत नाही. मेअखेरीस चार दिवस रजा काढून ये, पहिल्या पावसाला नेपियरच्या कांड्या लावायच्या आहेत. अनुदानाचा अर्ज त्यानंतर बघू.

तुझी,
आई