गोळ्या, शस्त्रक्रिया की आयोडीन: लाइपझिगहून आई-बाबांना

लाइपझिग

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर माझा थायरॉइडचा रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा आई रडवेली झाली आणि बाबा, तुम्ही 'ताबडतोब निघून ये, मिरजेला ऑपरेशन करून टाकू' असे म्हणालात. फोनवर अशा गोष्टी अर्धवट राहतात, म्हणून सगळे सविस्तर लिहिते आहे. वहिनींनाही हे पत्र वाचायला द्यावे.

माझी गळ्यातली थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवते आहे. आपल्याकडे या आजाराला ग्रेव्ह्ज डिसीज म्हणतात. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये त्याचे वर्णन केले आणि १८४० मध्ये कार्ल फॉन बासेडो या डॉक्टरांनी इथून जवळच असलेल्या मेर्सेबुर्ग गावी गलगंड, पुढे आलेले डोळे आणि छातीतली धडधड या तीन लक्षणांची एकत्र नोंद केली, त्यामुळे जर्मनीत तो बासेडोच्या नावाने ओळखला जातो. दादाकडे पाठवलेल्या कागदांवर 'मॉर्बुस बासेडो' असे लिहिलेले आहे. तो आणखी कोणता नवा आजार आहे असे समजू नये.

आईने विचारले होते की तिची थायरॉइड मंद आणि माझी अतिवेगाने चालणारी, हे एकाच घरात कसे. दोन्हींचे मूळ बहुधा एकच आहे: शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीच्या विरोधात प्रतिपिंडे तयार करते. आईसारख्या रुग्णांमध्ये त्यामुळे ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते. माझ्या बाबतीत ती प्रतिपिंडे ग्रंथीला सतत चेतवत राहतात, आणि मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारे हार्मोन, पाठवणे जवळजवळ थांबवते तरी थायरॉइड हार्मोन बनवतच राहते. दोन वेळा पोटभर जेवूनही वजन उतरणे, हात थरथरणे, थंडीतही घाम येणे, रात्र रात्र झोप न लागणे, हे सगळे त्या जादा हार्मोनमुळे होते. मनाच्या कमकुवतपणाशी त्याचा संबंध नाही. या आजाराची प्रवृत्ती घराण्यातून येऊ शकते, पण ती असलेल्या कितीतरी जणांना आजार कधीच होत नाही. म्हणून आई, हे तुझ्यामुळे झाले असे कृपा करून मनातसुद्धा आणू नकोस.

आता उपचारांविषयी. मार्ग तीन आहेत आणि तिन्ही जुने, पारखलेले आहेत.

पहिला मार्ग थायमाझोलच्या गोळ्यांचा. भारतात याच औषधाला मेथिमाझोल म्हणतात, आणि कार्बिमाझोल शरीरात गेल्यावर त्याचेच रूप घेते. ही गोळी हार्मोन बनवण्याच्या क्रियेला आळा घालते. सहसा बारा ते अठरा महिने ती घेतात आणि मग प्रतिपिंडे पुन्हा मोजून ती थांबवायची की नाही ते ठरवतात. थांबवल्यावर साधारण निम्म्या रुग्णांचा आजार पुन्हा उलटतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले, आणि ते लपवले नाही याचे मला बरे वाटले. गोळीचा एक दुर्मीळ पण गंभीर धोका असा की रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी फार कमी होऊ शकतात. म्हणून ताप आला किंवा घसा दुखू लागला तर गोळी बंद करून त्याच दिवशी रक्त तपासायचे, अशी सक्त सूचना आहे आणि ती लिहून फ्रीजवर लावली आहे. काविळीची लक्षणे दिसली तरी हेच करायचे आहे.

दुसरा मार्ग किरणोत्सारी आयोडीनचा. बोस्टनमध्ये १९४१ पासून वापरात आलेला हा उपचार, त्यामुळे 'रेडिएशन' या शब्दाने घाबरून जाण्याचे कारण नाही. थायरॉइड आयोडीन शोषून घेते आणि आतल्या आत तिच्या पेशी नष्ट होत जातात. परंतु जर्मनीत त्यासाठी किमान ४८ तास विशेष वॉर्डात राहावे लागते, घरी आल्यावरही काही दिवस लहान मुलांपासून दूर राहायचे असते, आणि चिमी जेमतेम तीन वर्षांची आहे. त्याहून महत्त्वाचे दुसरे कारण आहे. माझ्या डोळ्यांत खुपल्यासारखे होते आणि पापण्या किंचित वर ओढल्यासारख्या दिसतात. ही डोळ्यांच्या विकाराची सौम्य सुरुवात आहे आणि आयोडीनने ती बळावू शकते. शिवाय या उपचारानंतर प्रतिपिंडे कित्येक महिने वाढलेली राहतात, निदान सहा महिने तरी गर्भधारणा टाळावी लागते, आणि दुसऱ्या बाळाचा आमचा विचार तुम्हांला ठाऊक आहेच. म्हणून हा मार्ग मी तूर्त बाजूला ठेवला आहे.

तिसरा मार्ग बाबांचा, शस्त्रक्रियेचा. बाबा, तुमचे म्हणणे मी उडवून लावलेले नाही. संपूर्ण ग्रंथी काढल्यावर आजार सहसा उलटत नाही आणि प्रतिपिंडेही लवकर उतरतात, हे खरे आहे. बाळाचा विचार करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने हा मोठाच फायदा. मात्र ग्रंथीच्या पाठीमागून आवाजाची नस जाते आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार बारीक ग्रंथी तिला चिकटून असतात, तेव्हा अशा शस्त्रक्रिया सातत्याने करणाऱ्या सर्जनकडूनच ती करून घ्यायला हवी. त्यानंतर आईप्रमाणे रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइड हार्मोनची गोळी घ्यावी लागेल ती जन्मभर. आईने ती इतकी वर्षे बिनतक्रार घेतलेली मी पाहिली आहे, त्यामुळे त्या गोळीची मला धास्ती नाही. पण मुख्य गोष्ट अशी की हार्मोन इतके वाढलेले असताना ऑपरेशनच्या टेबलावर जाणे जिवावर बेतू शकते. आधी गोळ्यांनी ते आटोक्यात आणावेच लागते. म्हणजे मिरजेला आले काय किंवा इथे राहिले काय, सुरुवात गोळ्यांनीच होणार.

म्हणून आम्ही दोघांनी ठरवले आहे की निदान वर्षभर थायमाझोल नेमाने घ्यायचे. माझी प्रतिपिंडे ६.२ आहेत, १.७५ च्या वर गेली की वाढलेली मानतात, पण माझा आकडा फार मोठा नाही, गलगंडही लहान आहे आणि मी धूम्रपान करत नाही, त्यामुळे आजार शमण्याची आशा बरी आहे. मुदत संपताना प्रतिपिंडे तशीच राहिली तर मी शस्त्रक्रिया निवडेन आणि तेव्हा आईने इथे येऊन चिमीला सांभाळावे असे मला फार वाटते. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत थायमाझोल बाळाला अपायकारक ठरू शकते, म्हणून दुसऱ्या बाळाचा निर्णय डॉक्टरांना विचारल्याखेरीज घ्यायचा नाही, हेही आमचे ठरले आहे. थांबायला लागते याचे दुःख होते, ते तुमच्यापासून लपवत नाही.

धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू आहे आणि त्याने झोप बरीच सुधारली. डोळ्यांसाठी सहा महिने सेलेनियम दिले आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात सौम्य विकाराला त्याचा उपयोग दिसला होता.

आत्याने पाठवायला काढलेली अश्वगंधा कृपया पाठवू नये. तिच्या मायेबद्दल शंकाच नाही, पण अश्वगंधेने थायरॉइडचे हार्मोन वाढल्याच्या नोंदी आहेत आणि माझी अडचण नेमकी तीच आहे. गोडा मसाला आणि मेतकूट मात्र अवश्य पाठवावे.

आणखी एक विनंती. धाकटीला अलीकडे फार थकवा येतो असे ती म्हणत होती. घरात दोघींना थायरॉइडचा त्रास आहे, तेव्हा तिची टीएसएचची तपासणी या आठवड्यातच करून घ्यावी. ती केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असेल तर आधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवायला सांगा, नाहीतर आकडे चुकीचे येऊ शकतात. तिचा रिपोर्ट आला की मला फोटो काढून पाठवा.

तुमची लेक