चि. ताईस, मायक्रोवेव्हच्या खरेदीबाबत

वरचा पाट, गुहागर

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू फोनवर पाठवलेली तिन्ही मायक्रोवेव्हची माहिती मी चष्मा पुसून दोनदा वाचली. तिन्ही २८ लिटरचे, कन्व्हेक्शनचे (म्हणजे गरम हवा फिरवून भाजणारेही) आणि स्पर्शाने चालणाऱ्या बटणांचे आहेत. तुझ्या पुण्यातल्या स्वयंपाकघरात त्यांतला कोणताही चालेल; आपल्या घराला मात्र एकही योग्य नाही, असे माझे मत झाले आहे, आणि तू पैसे भरण्यापूर्वी त्याची कारणे तुला कळावीत म्हणून लिहीत आहे.

आधी जुना कशाने गेला ते ऐक. आषाढात आईने सादळलेले पापड त्यात ठेवले आणि आत निळसर ठिणग्या उडून जळका वास सुटला. चिपळूणहून मेकॅनिक यायला नऊ दिवस लागले. त्याने उजव्या भिंतीवरचा अभ्रकाचा पातळ पत्रा काढून दाखवला, तर फोडणीच्या तेलाचे शिंतोडे बसून बसून त्याचा एक कोपरा कोळशासारखा झाला होता. तेवढेच असते तर थोडक्या पैशांत नवा अभ्रक घालून काम भागले असते. पण फिरती काचेची थाळी उचलल्यावर तिच्या चाकांच्या वर्तुळाजवळ रंगाचा पोपडा सुटलेला दिसला आणि मी नखाने टोचले तेव्हा खालचा पत्रा भिजल्या बिस्किटासारखा भुसभुशीत लागला. गंजून भोक पडलेल्या कप्प्यातून लहरी बाहेर येऊ शकतात, म्हणून हा पुन्हा सुरू करू नका, असे तो म्हणाला आणि ते मला पटले. अन्नाची वाफ थाळीखाली साचत होती, आपण ती कधी पुसली नाही, आणि वाडीच्या पलीकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने उरलेले काम केले.

त्यामुळे नव्यात मी सर्वांत आधी आतला कप्पा पाहणार आहे. नुसता रंग दिलेला पत्रा नको. सिरॅमिक इनॅमलचा हवा, कारण टवका उडेपर्यंत तो गंजत नाही आणि बांगड्याचा वास राहिला तर लिंबाच्या पाण्याची वाफ देऊन ओल्या फडक्याने निघतो. दुसरे म्हणजे बटणे नकोत, दोन गोल खटके हवेत, एक वेळेचा आणि एक शक्तीचा. पावसाळ्यात स्पर्शाची बटणे दमट हवेने रुसतात आणि आतल्या सर्किटच्या पट्टीवर ऊब शोधत मुंग्या जातात. मागे आपल्या पाण्याच्या पंपाच्या पेटीत पाल शिरून काय झाले, ते तुला आठवत असेलच. कमी शक्तीवर अखंड चालणारे इन्व्हर्टर तंत्राचे मायक्रोवेव्ह चांगले असतात हे मला मान्य आहे, साधा मायक्रोवेव्ह निम्म्या शक्तीवर नुसता चालू-बंद होत राहतो. परंतु त्यांची नाजूक सर्किटे आपल्या विजेपुढे टिकतील याची मला खात्री नाही.

विजेचे म्हणणे मी मोजून करीत आहे. जुना बिघडण्यापूर्वी एका सकाळी मी त्यात एक लिटर पाणी बरोबर दोन मिनिटे ठेवले आणि थर्मामीटर बुडवला, तेव्हा तापमान १९ अंशांनी वाढले. त्या वाढीला ३५ ने गुणले की पाण्याला किती वॅट मिळाले ते ढोबळमानाने कळते, म्हणजे सुमारे ६६५. त्याच दिवशी संध्याकाळी, विजेचा दाब १८५ व्होल्टवर घसरलेला असताना, तीच वाढ १३ अंशांवर आली. आई त्या वेळी मायक्रोवेव्हला म्हातारा म्हणत असे. त्यात त्याचा काही दोष नव्हता. ८०० वॅटची उष्णता देणारा साधा मायक्रोवेव्ह स्वतः १२०० वॅटच्या आसपास वीज ओढतो आणि कन्व्हेक्शनचा तर २००० च्या वर जातो. आपल्या घरातली वायरिंग, स्टॅबिलायझर आणि वीज गेल्यावरचा छोटा इन्व्हर्टर यांपैकी कोणालाही तो भार सोसणार नाही.

शिवाय कन्व्हेक्शनमध्ये भाजणार काय? नानकटाई वर्षातून एकदा होते, मोदक मोदकपात्रातच व्हायचे, आणि आंबोळीला तवा सोडून दुसरे काही मानवत नाही. आपल्याला हवे आहे ते भात, आमटी आणि दूध गरम करणे, आणि चार महिने सादळणाऱ्या जिनसा पुन्हा कुरकुरीत करणे. त्यासाठी २० लिटर पुरतात. त्यांची थाळी साधारण साडेचोवीस सेंटिमीटर व्यासाची असते. आईचे काचेचे झाकणाचे भांडे मी फूटपट्टीने मोजले, ते २२ भरले. तिच्या सोनेरी कडेच्या चिनी मातीच्या वाडग्यांची मात्र कायमची सुट्टी होईल, कारण त्या कडेवर ठिणग्या उडतात.

आईला अजूनही वाटते की त्या लहरी अन्नात शिल्लक राहतात. त्या २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी अन्नातल्या पाण्याच्या कणांना हलवून तापवतात आणि दार उघडताच बंद होतात, दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही तशा, हे मी तिला सांगितले. तुझ्या तोंडून ऐकले तर अधिक विश्वास बसेल. तिने मायक्रोवेव्हवर पसरलेला क्रोशाचा रुमालही तूच काढायला सांग, हवेची छिद्रे त्याने झाकली जात.

खरेदी चिपळूणच्या दुकानातूनच करू. घरपोच आलेल्या खोक्यातला मायक्रोवेव्ह बिघडला की मेकॅनिकची वाट पाहावी लागते आणि दुकानदाराशी भांडता येत नाही. सहा ते आठ हजारांत काम होईल. वायरमन सोमवारी येऊन आतल्या भिंतीवर, समुद्राकडच्या खिडकीपासून दूर, १६ अँपिअरचा प्लग आणि नीट अर्थिंग करून देणार आहे; मागे वीतभर मोकळी जागा सोडली आहे. ऑर्डर नोंदवून झाली असेल तर आजच रद्द कर आणि तसे मला कळव, म्हणजे मंगळवारच्या पहिल्या एस.टी.ने मी चिपळूणला जाईन.

आईचा आशीर्वाद.

तुझे,
बाबा